रिपोर्टात आकडा आहे, वेळ कुठंय?

सेलू तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वहीची चार पानं, पाठपोट, सोबत दोन रिपोर्टांच्या झेरॉक्स. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

‘आमच्या मालकांचं वय ४१. कृषी सेवा केंद्र आहे. मागच्या वर्षी मोटारसायकल चालवताना यांना बाजूची गाडी दिसेना, दोनदा दाराच्या चौकटीला खांदा धडकला. तपासलं तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ निघाली, सव्वादोन सेंटिमीटरची. जानेवारीत पुण्यात नाकातून ऑपरेशन झालं. नजर सुधारली. तीन महिन्यांनी एमआरआय केला, तोही चांगला आला. पण माणूस पहिल्यासारखा नाही. सारखे झोपायलेत, बोलायला गेलं की खेकसायलेत, रात्रीतून चार-पाच वेळा उठून पाणी प्यायलेत. शेजारचे म्हणायलेत शुगर झाली. दाढीसुद्धा आठवड्याला एकदा केली तरी चालतेय. पुण्याहून हायड्रोकॉर्टिसोन अन् थायरॉइडची गोळी दिली होती. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच १.१ आला, नॉर्मल आहे म्हणून दीड महिन्यापूर्वी थायरॉइडची गोळी बंद केली. दिरांनी सांगितलं, स्टिरॉइडनं हाडं पोकळ होतात, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हे मनाला येईल तशी घेतात. परवा कॉर्टिसॉल केलं तर ३.१ आलं, समोर लाल खूण. फार घाबरलोत. कोणता रिपोर्ट खरा धरायचा? अन् मृगाच्या तोंडावर यांना दुकानात बसू द्यावं का?’

ताई, उत्तर लांबणार आहे. ते वाचायच्या आधी उठा, पुण्याचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर हायड्रोकॉर्टिसोनचा जो डोस ज्या वेळेला लिहिलाय तो आजपासून एकही न चुकवता सुरू करा. मग पुण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांना फोन लावून सांगा, की या गोळ्या अनियमित झाल्यात आणि थायरॉइडची बंद आहे. मालकांना उलट्या होत असतील, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येत असेल किंवा ताप असेल तर फोनच्या नादी न लागता सरळ दवाखाना गाठा. तिथं काय सांगायचं ते पुढं लिहिलंय.

आता ती लाल खूण. तुमच्या झेरॉक्सवर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सँपल घेतल्याची वेळ छापलीय, दुपारचे ४ वाजून २० मिनिटं. तुम्ही लिहिलंच आहे, की सँपल नेणारा पोरगा परभणीहून चारच्या सुमारास येतो. त्याचा काही दोष नाही. पण कॉर्टिसॉल हे घड्याळावर चालणारं हार्मोन आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते करतात, पिट्युटरीच्या हुकमावर. पहाटे ते चढायला लागतं, सकाळी उठायच्या सुमाराला सगळ्यात वर असतं, दुपारनंतर उतरत जातं आणि मध्यरात्री तळाला असतं. धडधाकट माणसाचं चार वाजताचं कॉर्टिसॉलही सकाळच्या अर्ध्यावर आलेलं असू शकतं. खूण उमटवणाऱ्या कॉम्प्युटरनं तुमच्या चारच्या सँपलला बहुतेक सकाळची पट्टी लावली.

त्याहून मोठा घोळ दुसरा आहे. त्या दिवशी मालकांनी गोळी घेतली होती का, आणि घेतली असेल तर किती वाजता? तुमच्या पत्रात ते नाही, आणि रिपोर्टात तर ते कधीच नसतं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. औषधाच्या पाकिटावर त्याला ते नाव आहे, एवढाच फरक. रक्तात आल्यावर मशीनला गोळीतलं कोणतं आणि शरीरानं केलेलं कोणतं हे कळत नाही. तेव्हा तुमचा ३.१ हा आकडा ना घाबरण्याच्या कामाचा, ना निर्धास्त होण्याच्या. कोणता रिपोर्ट खरा धरायचा, असं विचारलंत. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती तरी शिकलो ती चूक करून. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. औसा भागातले एक शेतकरी, हेच ऑपरेशन झालेले. सकाळी नऊचं कॉर्टिसॉल १४.६. मी खूश. म्हटलं, पिट्युटरी जागी झाली, गोळी बंद करा. पाचव्या दिवशी त्यांना टेम्पोत आडवं घालून आणलं. उलट्या, हातपाय गार, ब्लडप्रेशर वरचं ७०. इंजेक्शननं सावरले. दोन दिवसांनी त्यांच्या मंडळींशी बोलताना कळलं, की रक्त द्यायच्या दिवशी पहिली एसटी गाठायची म्हणून पहाटे सहाला चहाबरोबर त्यांनी गोळी घेतली होती. मी मोजलं होतं ते गोळीतलं कॉर्टिसॉल. मी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला की मी आकडा बघायच्या आधी ‘गोळी कधी घेतली होती?’ विचारतो.

मग ही तपासणी करायची कशी? पहिली अट, घाई नको. हायड्रोकॉर्टिसोन नीट सुरू होऊन काही आठवडे जाऊ द्या, माणूस सावरू द्या आणि पुण्याचे डॉक्टर ‘आता करा’ म्हणाले की मगच करा. आदल्या दिवशीची शेवटची गोळी दुपारची. त्यानंतर रक्त देईपर्यंत गोळी नाही. सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान सँपल गेलं पाहिजे. सेलूत त्या वेळी कुणी रक्त घ्यायला नसेल तर पहाटेच्या गाडीनं परभणीला जा, पण चारच्या पोराच्या भरवशावर हे करू नका. सकाळची गोळी मालकांच्या वरच्या खिशात ठेवा. सुई निघाली, कापूस दाबला, की तिथंच बाकड्यावर बसून गोळी घ्यायची. घरी पोचल्यावर घेतो, वाटेत कुणी भेटलं, मग बारा वाजले, असं व्हायला नको. त्या दिवशी ताप, जुलाब, असं काहीही असेल तर तपासणी रद्द, गोळी नेहमीप्रमाणे. प्रेडनिसोलोन नावाची दुसरी स्टिरॉइडची गोळी काहींना दिलेली असते, तीही या तपासणीत कॉर्टिसॉलसारखी थोडीफार मोजली जाते. म्हणून सध्या चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवायची.

अशा नीट घेतलेल्या सँपलचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये ३ च्या खाली आला तर ग्रंथीकडून काम होत नाही, गोळी चालू ठेवायची. १५ च्या वर आला तर ती सावरलीय. मध्ये आला, आणि बहुतेकांचा मध्येच येतो, तर इंजेक्शन देऊन पुन्हा कॉर्टिसॉल मोजायची तपासणी डॉक्टर करतात. हे आकडे ढोबळ आहेत. मशीन बदललं की थोडे सरकतात, म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये जावं. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात. तिथं १ मायक्रोग्रॅमचे साधारण २७.६ होतात. एका घरी ३०० आकडा बघून रडारड झालेली मी पाहिलीय. तो आकडा ११ च्या आसपासचा होता.

गंमत बघा, हाच कमी आकडा दुसऱ्या एखाद्या घरात पेढे वाटायला लावतो. पिट्युटरीची काही गाठ अशी असते, की तीच कॉर्टिसॉल वाढवत असते. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात. त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. अशा पेशंटचं सकाळचं कॉर्टिसॉल ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत १-२ वर आलं तर सर्जन हसतो, कारण गाठ निघाल्याची ती खूण असते. तुमच्या मालकांची गाठ, तुम्ही पाठवलेल्या कागदावरून, हार्मोन न करणारी होती. ती वाढून नजरेच्या नसा दाबत होती म्हणून बाजूचं दिसेना. त्यामुळं फेसबुकवर कुणाच्या भावाला काय आकडा आला हे मालकांच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

दीर म्हणाले ते अगदीच खोटं नाही. दम्यासाठी, सांध्यांसाठी माणसं महिनोन्महिने मोठ्या डोसात स्टिरॉइड खातात, त्यांची हाडं खरंच ठिसूळ होतात. आपल्याकडं तर बिननावाच्या पुडीतून ते खपवलं जातं, तेव्हा लोकांची भीती मी समजू शकतो. पण मालकांची गोळी त्यातली नाही. त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसॉल करत होत्या, तेवढंच आपण बाहेरून भरून देतोय. दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, सकाळी जास्त, नंतर कमी. दिरांना सांगा, हे विहीर आटली म्हणून आणलेलं टँकरचं पाणी आहे. ते बंद केलं तर विहिरीला पाणी लागत नाही, घर तहानतं. आणि बरं वाटतं म्हणून स्वतःहून वाढवायचीही नाही. जास्त झाली तर दिरांचं म्हणणं खरं व्हायला लागेल.

ती जन्मभर घ्यावी लागेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांत पिट्युटरी पुन्हा कामाला लागल्याचं मी अनेकदा पाहिलंय, काहींना वर्ष लागतं, काहींची उठतच नाही. वर सांगितलेली सकाळची तपासणी त्यासाठीच असते.

थायरॉइडकडं येऊ. इथं मला ऊसतोडीचा मुकादम लागणार आहे. बीड-परभणीच्या वाचकाला तो वेगळा सांगायला नको.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी म्हणजे तोडणारी टोळी. पिट्युटरी हा मुकादम. टीएसएच म्हणजे मुकादमाची आरोळी. टोळी ढिली पडली की मुकादम ओरडतो, टीएसएच वाढतो. टोळी फार जोरात निघाली की तो गप्प होतो, टीएसएच उतरतो. म्हणून ज्याचा मुकादम धड आहे त्या माणसात नुसती आरोळी ऐकून फडातलं काम कळतं. तुमच्या इथल्या डॉक्टरांकडं थायरॉइडचे जवळजवळ सगळे पेशंट असेच असणार, त्यांना टीएसएच पुरतो. पण मालकांच्या मुकादमावरच कोयता चाललाय. त्याचा आवाज बसलाय. तो ओरडत नाही याचा अर्थ टोळी जोरात आहे असा होत नाही. अशा वेळी फडात जाऊन मोळ्याच मोजाव्या लागतात. मोळ्या म्हणजे फ्री टी-४, थायरॉइडनं केलेलं हार्मोन. तुमच्या रिपोर्टात तो केलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, ते रक्त गोळी चालू असताना घेतलं होतं. तेव्हा जे काही बरं चाललं होतं ते गोळीनं चाललं होतं. टी-४ चा शरीरातला साठा दर आठवड्याला साधारण निम्मा होतो. दीड महिन्यात काय उरलं असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा. सारखी झोप येण्यामागं याचा वाटा मोठा असावा.

तरीही थायरॉइडची गोळी आज लगेच सुरू करू नका. इथं क्रम चुकला तर महागात पडतं. थायरॉइड सुरू झाली की शरीर कॉर्टिसॉल जास्त वेगानं संपवायला लागतं. आधीच ते तुटपुंजं असेल तर माणूस कोसळतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन नियमित, मग पुण्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून थायरॉइड. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी फ्री टी-४, सकाळी, त्या दिवशीची थायरॉइडची गोळी घ्यायच्या आधी. तो नॉर्मल पट्टीच्या मधोमध किंवा थोडा वर राहिलेला बरा. केस गळतात म्हणून कुणी बायोटिनच्या गोळ्या देत असेल तर त्या रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही मशीन त्यानं फसतात. आणि इथल्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. मुकादमाची गोष्ट सांगा, पुण्याची चिठ्ठी दाखवा. रात्री-अपरात्री तेच धावून येणार आहेत.

पाण्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मी तिथं सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

पिट्युटरीच्या मागच्या भागातून एक हार्मोन सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, पाणी सोडू नको, धरून ठेव. ते कमी पडलं तर लघवी पाण्यासारखी आणि खूप होते, मग तहान लागते. याला इतकी वर्षं डायबेटिस इन्सिपिडस म्हणायचे. साखरेच्या डायबेटिसशी त्याचा संबंध नावापुरताच. पण त्या नावानं दवाखान्यांतसुद्धा गोंधळ होऊन पेशंटचं डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या हार्मोनची जागा घेणारं औषधच थांबवलं गेल्याचे प्रकार घडले. म्हणून २०२२ मध्ये जगभरातल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलायचं सुचवलं, आर्जिनिन व्हेसोप्रेसिन डेफिशियन्सी, म्हणजे त्या हार्मोनची कमतरता. नाव बोजड आहे, पण शुगरचा घोळ तरी मिटतो. शेजाऱ्यांच्या समाधानासाठी बोटाला टोचून एकदा साखर बघून घ्या. ती तपासायलाच हवी आणि दोन मिनिटांत होते.

साखर नॉर्मल निघाली तर एक दिवस हे करा. मोरीत एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली आणि नरसाळं ठेवा. सकाळी सहाला पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतची प्रत्येक लघवी बाटलीत मोजायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारायची. मालक लाजतील. त्यांना सांगा, दुकानात बियाण्याचं पोतं मोजून देता ना, तसंच. किती पाणी प्यायले तेही लिहा, पण ‘तांबे’ लिहू नका. तुमचा तांब्या आणि माझा तांब्या सारखा नसतो. २४ तासांत लघवी तीन लिटरच्या वर गेली तर सोडियम (रक्तातलं मीठ) आणि लघवीची घनता तपासून डॉक्टर डेस्मोप्रेसिन सुरू करतील. गोळी असते, नाकात मारायचा फवाराही असतो. दवाखान्यातून आणलेला जुना फवारा घरात असेल तर आपल्या मनानं सुरू करू नका. औषध घेऊन वर सवयीनं तांब्यावर तांब्या पाणी चालू राहिलं तर सोडियम घसरतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट. सर्दीनं नाक चोंदलं की फवारा लागू पडत नाही, हेही लक्षात असू द्या.

तोवर त्यांचं पाणी तोडू नका. सध्या ऊन ४२-४३ अंशांवर आहे आणि लघवीवाटे पाणी जाणारा माणूस अशा दिवसांत लवकर सुकतो. रात्री उशाशी भरलेली कळशी हवी. लॅबवाले ‘उपाशी पोटी या’ म्हणतात तेव्हा आपली माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत. मालकांसाठी उपाशी म्हणजे फक्त अन्नाशिवाय. आणखी एक. कॉर्टिसॉल कमी असतं तेव्हा हा पाण्याचा आजार दबून राहतो. हायड्रोकॉर्टिसोन नियमित झालं की लघवी आणखी वाढेल, तहान वाढेल. तेव्हा ‘गोळीनं त्रास वाढला’ म्हणून गोळी बंद करू नका, फोन करा.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय अशा वाचकांसाठी इथं थोडं थांबतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सुट्टी मिळते, माणूस तीनशे-चारशे किलोमीटरवर गावी येतो, आणि साधारण सातव्या-आठव्या दिवशी काहींचं सोडियम अचानक उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. गावात अशक्तपणाला एकच औषध ठाऊक असतं, सलाइन लावा. आणि बाटली टांगली जाते ती पुष्कळदा ग्लुकोजची, म्हणजे शेवटी पाण्याचीच. त्यानं सोडियम आणखी खाली जातं. म्हणून सुट्टी घेतानाच विचारून ठेवा, की सातव्या दिवशी सोडियम कुठं तपासायचं आणि आकडा कुणाला कळवायचा. नॉर्मल १३५ ते १४५. पाणी किती प्यायचं याचंही बंधन काही ठिकाणी घालून देतात, ते पाळा. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा होते आणि त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल करायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, त्याची तपासणी मात्र तालुक्यात करू नका. त्याची नळी बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पोचावी लागते. मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात फिरलेल्या नळीतून जो आकडा येईल तो काढल्यापेक्षा न काढलेला बरा.

दाढीचं लिहिलंत ते बरं केलंत. पुढची ओळ तुम्ही खोडलीय, पण मी ती वाचली. संकोच नको. पिट्युटरीच्या हुकमावर पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन चालतं. ते उतरलं की दाढी मंदावते, अंगातला जोर जातो, नवरा-बायकोतलं अंतर वाढतं आणि माणूस चिडका होतो. यात तुमचं किंवा त्यांचं काही चुकलेलं नाही. तपासणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, सोबत एलएच आणि एफएसएच, म्हणजे हा हुकूम देणारी पिट्युटरीची हार्मोनं. कमी असेल तर उपचार आहेत. फक्त अजून मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननं शुक्रजंतू घटतात, मुलासाठी वेगळी इंजेक्शनं असतात. बायकांच्या बाबतीत हे सोपं असतं. पाळी नियमित आली की तोच रिपोर्ट.

प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीचं दुधाचं हार्मोन, एकदा बघून ठेवावं. ग्रोथ हार्मोनची सुटी तपासणी करू नका. ते दिवसभर लाटांसारखं वर-खाली होतं, एका नळीतून काही कळत नाही, त्यासाठी आयजीएफ-१ बघतात, ते ग्रोथ हार्मोनच्या हुकमावर तयार होतं. आणि लॅबवाला ‘सत्तर तपासण्यांचं पॅकेज स्वस्तात’ म्हणाला तर नमस्कार करा. त्या सत्तरांत टीएसएच असतो, फ्री टी-४ शोधून सापडत नाही.

एमआरआय चांगला आला याचा अर्थ गाठ परत आलेली नाही. हार्मोनचं गणित वेगळं, ते एमआरआयमध्ये दिसत नाही. आता हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइड आणि पाणी मार्गी लागलं की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा सगळं बघायचं, डोळ्यांच्या बाजूच्या नजरेसह. पुढं कधी रेडिएशन द्यावं लागलं तर काही वर्षांनीसुद्धा हार्मोन हळूहळू उतरतात, तेव्हा वार्षिक तपासणी सोडायची नाही. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांचं काय, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. लोक विचारत नाहीत आणि खिशातून भरत राहतात.

रोझलिन यालो या बाईंना १९७७ चं नोबेल मिळालं ते रक्तातली असली हार्मोनं मोजायची रीत शोधल्याबद्दल. शंभर मिलिलिटर रक्तात ग्रॅमचे दहा लाखावे भाग मोजायचे म्हणजे खायचं काम नाही. एवढं बारीक मोजमाप परभणीत बसून मिळतं आणि आपण त्याशेजारी वेळ लिहीत नाही. पोरांच्या दप्तरातली दोनशे पानी वही घ्या. एका ओळीत तारीख, रक्त किती वाजता दिलं, शेवटची गोळी किती वाजता आणि कोणती, आकडा, लॅबचं नाव, त्या दिवशीचं वजन. मागच्या रिपोर्टांपैकी आठवेल तेवढं भरा. जिथं आठवत नाही तिथं फुली मारा, अंदाज लिहू नका.

आता दवाखान्यात काय सांगायचं ते. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, ताप जास्त असला तर तिप्पट, दोन-तीन दिवस, मग पुन्हा नेहमीवर. हे पुण्याच्या डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच लागतं. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, स्नायूत किंवा शिरेत. हे काही दुर्मिळ औषध नाही. दम्याच्या पेशंटला देतात तीच पांढऱ्या पावडरीची छोटी बाटली, प्राथमिक आरोग्य केंद्रातही बहुधा असते. अडचण एवढीच, की समोरच्या डॉक्टरला या माणसाला ते आधी द्यायचंय हे माहीत नसतं. तो तपासण्या करत बसतो. म्हणून चिठ्ठी करा, मराठीत, मोठ्या अक्षरात : ‘पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय. शरीर कॉर्टिसॉल करत नाही. उलट्या, बेशुद्धी, अपघात : आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ आणि नॉर्मल सलाइन, मग बाकीचं.’ खाली पुण्याचा फोन नंबर. एक मालकांच्या पाकिटात, एक गाडीच्या डिक्कीत, एक घरात देव्हाऱ्याशेजारी. दात काढायचा असला तरी ती डेंटिस्टला दाखवायची. एकादशी, नवरात्र, काहीही असो, उपवासातही गोळी घ्यायची. ती औषध आहे, अन्न नव्हे.

हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तालुक्याच्या मेडिकलला नेहमी असेलच असं नाही. दोन महिन्यांचा साठा ठेवा.

राहिलं दुकान. मृगाला अजून तीन आठवडे आहेत. गोळी आजपासून नीट सुरू झाली, पाण्याचा हिशेब लागला, उठताना चक्कर येत नसली तर मालकांना दुकानात जरूर बसवा. घरी झोपून ते जास्त खचतील. पहिले पंधरा दिवस सकाळचे तीन-चार तास, पोती उचलायला पोरगं ठेवा. गल्ल्याच्या डाव्या कप्प्यात दुपारची गोळी, पावडरीच्या दोन बाटल्या, सिरिंज आणि ती चिठ्ठी. तो कप्पा कुठला हे दुकानातल्या पोराला दाखवून ठेवा, आणि दुपारी दोनला त्याच्या मोबाइलमध्ये गजर लावा. पेरणीच्या गर्दीत मालक आपला गजर बंद करून टाकतील. पोरगं नाही करणार.